शेरा

पाटबंधारे खात्याचा मी रोजंदारीवरचा माणूस.
सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला
पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा,
वहीत लिहायचा. एवढंच काम.
वहीच्या शेवटच्या रकान्यावर छापलंय : शेरा.
अकरा वर्षांत तिथं मी काही लिहिलेलं नाही.

वैशाखात सिंदफणेचं अडवलेलं पाणी मागं सरतं.
माजलगावच्या या अंगाला कोसभर गाळ उघडा पडतो,
भेगाळतो, उलथून ठेवलेल्या भाकरीसारखा,
आणि जिथं गाळ संपतो पण पाणी अजून सुरू होत नाही
तिथं शेकाट्या उभा असतो.

अंग मुठीएवढं, पाय वीतभर.
करणाऱ्यानं आधी पायच केले असावेत
आणि मग चिखल पुरला नसेल.
रंग, कुंकवाचा हात धुतलेल्या पाण्याचा.
पाठ काळी, ऊन पडलं की हिरवी झाक मारणारी.
पोट पांढरं. दिवसभर राडीत फिरून
पांढरंच.
चोच दाभण.
डोळा लाल, रात्रपाळीच्या विजेवर
मोटारीपाशी जागलेल्या माणसाचा.

गुडघा मागं वाकतो त्याचा.
पाण्याला विचारून पाऊल उचलतो, विचारून ठेवतो.
दाभण टोचतो, काढतो, टोचतो :
गोगलगाय, किडा, डासाची अळी.
पाण्याला टाका पडलेला दिसत नाही.

गाळपेराच्या जमिनीत खाजामियाँची टरबुजं आहेत.
मी साहेब नाही हे माहीत असून तो मला साहेब म्हणतो.
"उधर नक्को जाव साब, अंडे हैं."
पाइप त्यानं अगोदरच वळसा घालून नेलेला.

बैलाच्या खुराच्या खड्ड्यात चार अंडी,
टोकं आत, गाळाच्याच रंगाची,
वर माझ्या पेनानं झटकावेत तसे शाईचे शिंतोडे.
मी दुरूनच पाहिली.

दुपारी त्रेचाळीस अंश.
मादी उठते, पाण्यात बसते, पोट भिजवते,
येऊन अंड्यांवर निथळते.
पुन्हा उठते.
तासाला नऊ खेपा. (मोजायची सवय लागलेली.)
कुत्रं आलं की नर पंख मोडल्यागत लंगडत,
किक् किक् किक् बोंबलत
त्याला पार खाजामियाँच्या खोपीपर्यंत नेतो
आणि तिथून सरळ उडतो,
पाय मागं सुटलेल्या नाड्यांसारखे.

मग पैठणहून उजव्या कालव्याला पाणी सुटलं.
पट्टीवर दोन सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी पाच.
फोन आला, "किती चढलं?"
मी सांगितलं. तिकडं चांगलं वाटलं त्यांना.

इकडं दोघं कामाला लागलेले.
खडा, शिंपला, बाभळीची काडी, टरबुजाचा वाळका वेल,
चोचीनं उचलून पोटाखाली सारायचं,
बसायचं, उठायचं, सारायचं.
अंधार पडला तरी पाण्यातून बारीक आवाज येत होता,
कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा.
बॅटरी होती खिशात. मारली नाही.

सकाळी सहाला
पट्टीवर सात.
घरट्याला आठ.
एक अंडं गडगडून खाली गेलेलं,
लाटेनं जरा हललं, मग हललं नाही.

त्या दिवशी शेऱ्यात लिहिलं :
"घरटे एक से.मी. वर."
महिनाअखेरीला बोर्डेसाहेबांनी त्यावर
लाल शाईनं आडवी रेघ मारली.
विचारलं काहीच नाही.

पिल्लं निघाली तेव्हा
ओल्या ढेकळांना खालून पाय फुटल्यासारखी दिसत होती.
तीन ढेकळं. सहा पाय.
त्यातलं एक भरकटत माझ्या पट्टीपाशी आलं,
उभं राहिलं.
पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर होतं की खाली
मला काठावरून वाचता आलं नाही.